श्वासावर लक्ष

ध्यान म्हणजे मन रिकामें करणें, अशा समजुतीनें आम्ही गेल्या सत्रांत वर्गांत डोळे मिटून बसलों आणि अर्ध्या मिनिटांतच फजिती झाली. कोणास डब्यांतील पोळी आठवली, कोणास गणिताचा पेपर. मन रिकामें होण्याऐवजीं तेथें बाजारच भरला!

पतंजलीनें सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत ध्यान हें सातवें. त्यापूर्वीचें सहावें अंग धारणा, म्हणजे चित्त एका ठिकाणीं बांधणें. ती पायरी गाळूनच आम्ही वर चढूं पाहत होतों.

मग मास्तरांनीं रीत बदलली. पाठ ताठ, अंग सैल, हात मांडीवर. श्वास आंत येतांना नाकपुडीशीं गार लागतो, बाहेर जातांना कोमट. तेवढेंच पाहा, असें ते हळू आवाजांत सांगत. श्वास मुद्दाम लांबवावयाचा नाहीं, कोंडावयाचा तर मुळींच नाहीं. प्रत्येक उच्छ्वासास एक अंक, असे दहा. मोजणी चुकली कीं पुन्हां एकपासून. आरंभीं आमची मजल चारापुढें जात नसे, व त्याची लाजही वाटे. परंतु मन भटकलें हें ओळखून त्यास न रागावतां परत आणणें हाच खरा अभ्यास, हें आम्हांस फार उशिरां उमगलें.

हें प्रार्थनेस विसंगत तर नाहीं ना, अशी शंका कांहीं पालकांस आली. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ सालीं छापलेल्या साधनाग्रंथांत प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर मनांत म्हणण्याची पद्धत आहे, हें मास्तरांनीं त्यांस दाखविलें.

आतां प्रश्नपत्रिका हातीं येण्यापूर्वीं आम्ही दहा श्वास मोजतों. कधीं कधीं सातापर्यंत पोंचतों.