‘डॉक्टर हू’ची वहिवाट : काही समज आणि त्यांचे दाखले

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पनेच्या मालिकेत नायकाच्या, म्हणजे ‘डॉक्टर’च्या, भूमिकेवर नव्या नटाची नेमणूक झाली, की तिच्या चाहत्यांमध्ये जो वाद उसळतो, त्यात आवडीनिवडीपेक्षा इतिहासाचेच हवाले अधिक दिले जातात. ‘मुळात हे पात्र असे नव्हते’, ‘मूळ कर्त्यांना हे मान्य झाले नसते’, ‘आजवरचा शिरस्ता मोडला’ अशी विधाने साक्षीपुराव्याच्या थाटात केली जातात, आणि ज्या दफ्तराचा हवाला द्यायचा ते उघडून पाहण्याची तसदी मात्र वादी आणि प्रतिवादी यांपैकी क्वचितच कोणी घेतो. आवड ही ज्याची त्याची असते. एखाद्याला टॉम बेकर यांच्यानंतरचा एकही डॉक्टर रुचला नाही, तर त्याबद्दल कोणी त्याला जाब विचारू नये. परंतु आवड जेव्हा वहिवाटीचा हक्क म्हणून पुढे केली जाते, तेव्हा ती वहिवाट खरोखर काय होती याची चौकशी करणे प्राप्त होते, आणि या मालिकेवर ज्यांचे मनापासून प्रेम आहे त्यांनी तर ती अवश्य करावी असे मला वाटते.

मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी, बीबीसीवरून प्रक्षेपित झाला. काळात आणि अवकाशात स्वैर संचार करणारा एक गूढ प्रवासी, बाहेरून रस्त्यावरच्या निळ्या पोलिस बॉक्ससारखे दिसणारे आणि आत अफाट पसरलेले त्याचे यान, आणि त्याच्या संगतीने निघालेली साधी माणसे, एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली ही मालिका १९८९ पर्यंत २६ हंगाम चालली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्या प्रक्षेपणाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, आणि त्या बातम्यांमुळे हा भाग १० मिनिटे लांबला असे चाहते वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आले. वास्तविक तो लांबला अवघे ८० सेकंद.

हा समज निरुपद्रवी आहे. त्याहून खोलवर रुजलेला समज असा, की बीबीसीतील प्रतिष्ठित, वयस्क इंग्रज गृहस्थांनी मुलाबाळांच्या करमणुकीसाठी ही मालिका रचली आणि तिच्यात परक्या गोष्टींचा शिरकाव पुढच्या पिढ्यांनी केला. प्रत्यक्षात मालिका बालविभागाची नव्हतीच, ती नाट्यविभागाची होती. त्या विभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे कॅनडाहून आलेले. निर्मातीच्या जागी त्यांनी नेमलेल्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या, आणि त्या काळच्या नाट्यविभागात त्या हुद्द्यावर असलेल्या एकट्या स्त्री. आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन हे लखनौला जन्मलेले, ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसैन यांचे चिरंजीव, त्या वेळी वय वर्षे २४. शीर्षकसंगीताची स्वरलिपी रॉन ग्रेनर यांची खरी, परंतु तो कानाला अपरिचित असा नाद चुंबकफितीचे तुकडे कापून, जोडून आणि त्यांचा वेग कमीजास्त करून प्रत्यक्षात आणला तो डेलिया डर्बीशर या बाईंनी. मालिकेच्या पडद्यावरील श्रेयनामावलीत त्यांचे नाव यायला मात्र २०१३ साल उजाडले. त्याच वर्षी, सुवर्णमहोत्सवानिमित्त, मालिकेच्या जन्मकथेवर जो चित्रपट झाला त्यात हुसैन यांची भूमिका साशा धवन यांनी केली, आणि पुढे २०२० मध्ये हेच धवन डॉक्टरचा जन्माचा वैरी ‘मास्टर’ म्हणून मालिकेत अवतरले, तेव्हा ‘हे भारतीय चेहरे आता कोठून आले’ असे विचारणाऱ्यांना उत्तर मालिकेच्या पहिल्या कथेच्या श्रेयनामावलीतच मिळण्यासारखे होते.

याचा अर्थ मालिका आरंभापासून उदारमतवादी होती असे जे दुसऱ्या बाजूचे चाहते हिरिरीने सांगतात, तेही सर्वस्वी खरे नव्हे. १९७७ च्या ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ या कथेत चिनी जादूगाराची भूमिका जॉन बेनेट या गोऱ्या नटाला रंगरंगोटी करून देण्यात आली होती, आणि खुद्द हुसैन यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६४ च्या ‘मार्को पोलो’मध्येही कुब्लाई खान गोराच होता. दफ्तर उघडले की ते दोन्ही पक्षांना अडचणीचे होते.

दुसरा मोठा समज कायापालटाविषयीचा. डॉक्टर मरणाच्या दारी पोहोचला की त्याचे शरीर पालटते, नवा चेहरा, नवा स्वभाव, परंतु माणूस तोच, ही युक्ती मूळ योजनेतच होती असे पुष्कळांना वाटते, आणि मग तिचे ‘मूळ नियम’ सांगून अमुक नट बसतो किंवा बसत नाही असा निवाडा दिला जातो. मूळ योजनेत असे काहीही नव्हते. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत चालली, संवाद लक्षात राहीनात, आणि निर्माते इनिस लॉइड यांनाही बदल हवा होता. सबब २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागाच्या शेवटी हार्टनेल यानाच्या जमिनीवर कोसळले, पडदा पांढऱ्या झोताने उजळून निघाला, आणि त्या उजेडातून पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा वर आला. पुढच्या कथेत नवा डॉक्टर जुन्याची अंगठी बोटात घालून पाहतो आणि ती सैल होऊन गळून पडते; माणूस तोच असला तरी देह तो नाही, हे सांगणारा तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. तो कायापालटाचा भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसा झाला आहे, जसे १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले, कारण चित्रफिती महाग होत्या, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते आणि जुने पुसून त्यावर नवे मुद्रण करण्याची त्या काळी वहिवाटच होती. कायापालटाचे ते दृश्य तेवढे वाचले, ते ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९७३ साली दाखवले गेले म्हणून.

नियम सगळे नंतर आले, आणि ते त्या त्या वेळच्या गरजेपोटी आले. डॉक्टरच्या जमातीचे ‘टाइम लॉर्ड’ हे नाव १९६९ मध्ये. कायापालटाला आज जो पारिभाषिक शब्द रूढ आहे तो १९७४ मध्ये. एका टाइम लॉर्डला तेराच जन्म, ही मर्यादा १९७६ मध्ये. आणि ती मर्यादा आड येऊ लागताच २०१३ च्या नाताळच्या भागात डॉक्टरला नव्या जन्मांचे दान मिळाले. ज्या वर्षी तेराचा आकडा ठरला, त्याच वर्षी ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’ या कथेत हार्टनेल यांच्याही आधीचे वाटावेत असे काही चेहरे दाखवले गेले होते, ही विसंगती नियमनिष्ठांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ नजरेआड केली. २०२० मध्ये मालिकेचे तेव्हाचे सूत्रधार ख्रिस चिबनॉल यांनी तिचाच आधार घेऊन डॉक्टरला अगणित पूर्वजन्म दिले, तेव्हा मात्र घात झाल्याची ओरड झाली. चिबनॉल यांची ती कथा मलाही रसहीन वाटली. परंतु रसहीन आणि बेकायदा यांत अंतर आहे.

आता स्त्रीच्या नेमणुकीविषयी. १६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर, नव्या डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर यांचे नाव जाहीर झाले, आणि हे अलीकडच्या फॅशनचे खूळ आहे असा आक्षेप तत्काळ आला. परंतु १९८० सालीच टॉम बेकर यांनी भूमिका सोडताना पत्रकारांसमोर आपल्या वारसाला शुभेच्छा दिल्या त्या ‘तो किंवा ती, जे कोणी असेल त्याला’ अशा शब्दांत. त्यामागे प्रसिद्धीचा हेतू होता हे उघड आहे, तरी कल्पना उच्चारली गेली. १९८६ मध्ये तर खुद्द सिडनी न्यूमन यांनी, म्हणजे ‘मूळ कर्ते’ म्हणून ज्यांच्या नावाची द्वाही फिरवली जाते त्यांनीच, बीबीसी वनचे नियंत्रक मायकेल ग्रेड यांना पत्र लिहून डॉक्टरचे पुढे स्त्रीत रूपांतर करावे अशी सूचना केली, ती बारगळली. १९९९ मध्ये एका धर्मादाय कार्यक्रमासाठी स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेल्या विडंबनात जोआना लमली काही क्षण डॉक्टर झाल्या. २०१४ मध्ये मिशेल गोमेझ यांच्या रूपाने मास्टर स्त्री झाला, आणि २०१५ मध्ये एका सेनापतीचा पुरुषाचा देह पालटून स्त्रीचा होताना प्रेक्षकांनी डोळ्यांदेखत पाहिले. एवढ्या दाखल्यांनंतर ‘मालिकेच्या नियमांत बसत नाही’ हा आक्षेप टिकत नाही. मुलांसमोरचा एक आदर्श पुरुष नायक गेला, ही माजी डॉक्टर पीटर डेव्हिसन यांनी बोलून दाखवलेली खंत वेगळ्या जातीची आहे. त्यांच्यानंतरचे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी तिला जाहीर विरोध केला, परंतु ती नियमांची सबब पुढे करीत नाही, म्हणून ती मला प्रामाणिक वाटते. दुसऱ्या बाजूलाही एक चूक सर्रास आढळते: २०२३ मध्ये आलेले, रवांडात जन्मलेले आणि स्कॉटलंडमध्ये वाढलेले शूटी गाटवा हे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर होत, असे म्हटले जाते. मालिकेचे मुख्य नायक म्हणून ते पहिले खरे. परंतु जानेवारी २०२० मध्ये जो मार्टिन यांनी डॉक्टरच्या एका विस्मृत जन्माची भूमिका करून तो मान आधीच घेतला होता.

‘बाई आली आणि प्रेक्षक गेले’ हे विधान आकड्यांच्या जोरावर केले जाते, म्हणून आकडेच पाहू. व्हिटेकर यांच्या आधीचे डॉक्टर पीटर कॅपाल्डी यांच्या २०१७ च्या अखेरच्या हंगामाची सरासरी सुमारे ५५ लाख प्रेक्षकांची होती. २०१८ मध्ये व्हिटेकर यांचा पहिला भाग सुमारे १ कोटी ९ लाख लोकांनी पाहिला आणि त्या हंगामाची सरासरी ८० लाखांच्या घरात गेली. २०२० मध्ये ती पुन्हा ५५ लाखांच्या आसपास उतरली आणि पुढे आणखी घटली. म्हणजे लोक बाई पाहायला आले, आणि मग बरेचसे परतले. ते का परतले याचे उत्तर कथालेखनात, बदललेल्या प्रक्षेपणवारात, एकंदर दूरचित्रवाणीच्या ओहोटीत की आणखी कशात शोधायचे याविषयी मतभेद होऊ शकतो, परंतु डॉक्टर स्त्री आहे हे तर त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होते. या मालिकेचा सर्वांत मोठा आकडा, १९७९ च्या ‘सिटी ऑफ डेथ’चा १ कोटी ६० लाखांहून अधिक प्रेक्षकांचा, हा प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती त्या आठवड्यांतला आहे, आणि १९८९ च्या शेवटच्या हंगामाचे क्षीण आकडे ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या तुफान लोकप्रिय मालिकेसमोर तिला उभे केले तेव्हाचे आहेत.

सर्वांत अन्याय्य समज कॉलिन बेकर यांच्याविषयी आहे. त्यांच्या अभिनयामुळे मालिका बुडाली, असे अजूनही सहज बोलले जाते. वस्तुतः १९८५ मध्ये मालिका १८ महिने स्थगित ठेवण्याचा निर्णय वरिष्ठांचा होता, भडक गोधडीसारखा तो अंगरखा निर्मात्याच्या आग्रहाचा होता, आणि १९८६ चा हंगाम संपल्यावर नायक बदला असा हुकूम वरून आला. बडतर्फ झालेल्या नटाने केवळ कायापालटाच्या दृश्यापुरते परत यावे ही विनंती बेकर यांनी नाकारली, आणि मी त्यांना दोष देणार नाही. तेव्हा नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मकॉय यांनीच त्यांच्या कुरळ्या केसांचा टोप घातला, पूर्वसूरीच्या वेशात जमिनीवर पालथे पडले, आणि उताणे करताच चेहरा झगमगाटात विरून त्यांचा स्वतःचा झाला. चाहत्यांच्या मतांचे काय होते हेही याच काळात पाहावे. ‘डॉक्टर हू मॅगझीन’ने २००९ मध्ये वाचकांकडून २०० कथांची क्रमवारी मागवली, तेव्हा डेव्हिसन यांची अखेरची ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली आली आणि तिच्या लगेच पाठोपाठ, १९८४ च्या त्याच वसंतात, दाखवली गेलेली बेकर यांची पहिली कथा अगदी शेवटची. उलट तेराच जन्मांचा नियम घालून देणारी ‘द डेडली असॅसिन’, जिच्यावर १९७६ मध्ये चाहत्यांच्या संघटनेने कडक टीका केली होती, ती आज अभिजात गणली जाते.

चाहत्यांची मते कोणी विचारात घेत नाही, ही तक्रार तर मुळीच खरी नाही. १५ वर्षांच्या पीटर कॅपाल्डी यांचे मालिकेविषयीचे पत्र १९७४ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने छापले होते, १९८६ मध्ये ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात १६ वर्षांच्या एका चाहत्याने मालिकेच्या लेखकांच्या तोंडावर त्यांच्या कथेचे वाभाडे काढले, तो चाहता म्हणजे ख्रिस चिबनॉल, ज्यांनी तीन दशकांनंतर मालिकेची सूत्रे हाती घेऊन व्हिटेकर यांची निवड केली.

पूर्वी मालिकेत झळकलेल्या नटाला डॉक्टर होता येत नाही, हा समज कॉलिन बेकर आणि कॅपाल्डी या दोघांनीही केव्हाच खोटा ठरवला आहे. एकाने १९८३ मध्ये डॉक्टरवर गोळी झाडणाऱ्या रक्षकाची आणि दुसऱ्याने २००८ मध्ये पाँपेईच्या एका व्यापाऱ्याची भूमिका आधी केलेली होती. ३१ मे २०२५ च्या भागाअखेर गाटवा यांचा देह पालटून बिली पायपर यांचा चेहरा समोर आला, तेव्हा पायपर यांनीच साकारलेली २००५ मधली डॉक्टरची सोबतीण रोझ टायलर डॉक्टर कशी होईल, असा जुना प्रश्न पुन्हा निघाला आणि दुसरीकडे त्या सोळाव्या डॉक्टर झाल्याचे सांगितलेही जाऊ लागले. त्या भागाच्या श्रेयनामावलीत मात्र पायपर यांच्या नावापुढे ‘डॉक्टर’ हे पद नव्हते.