आईची प्रतिकारशक्ती आणि बाळाचा मेंदू

गर्भाशयातील बाळ हे एका अर्थी आईच्या शरीरातील पाहुणे असते. त्याची निम्मी जनुके वडिलांकडून आलेली, म्हणजे आईच्या शरीराला परकी. परके दिसले की त्यावर चाल करून जाणे हा तर प्रतिकारयंत्रणेचा स्वभाव. तरीही ती नऊ महिने या पाहुण्याला सांभाळते. एवढेच नव्हे, तर आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याचे रक्षण करतात. मग हीच यंत्रणा बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीत कधी ढवळाढवळ करील काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक जुनी हकीकत पाहू. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली अनेक बालके आली. चौकशीअंती कळले, की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता. रुबेलाचा विषाणू वार ओलांडतो आणि बाळाचे डोळे, कान, हृदय व मेंदू यांना इजा करतो, हे पुढे सिद्ध झाले. येथे गुन्हेगार उघड होता : खुद्द विषाणूच.

फ्लूची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचा विषाणू बहुधा आईच्या श्वसनमार्गातच राहतो. बाळापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. असे असूनही २००३ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पॉल पॅटर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. फ्लू झालेल्या गाभण उंदरिणींची पिल्ले मोठी झाल्यावर वेगळी वागत. ती अनोळखी उंदराजवळ जाण्यास बिचकत आणि नव्या जागेत फारशी हिंडत नसत. आणखी एका चाचणीतही फरक दिसला. मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. पण त्याच्या क्षणभर आधी हलका आवाज केला, तर तो कमी दचकतो. या पिल्लांत मात्र असा फरक नेहमीपेक्षा कमी पडत असे.

विषाणू बाळापर्यंत गेला नसेल, तर हे घडले कसे? आजारी आईच्या शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी असतात : विषाणू आणि त्याच्याशी झुंजणारी प्रतिकारयंत्रणा. दोहोंपैकी कारण कोणते? प्रयोगशाळेत साध्या दोलकाचा प्रयोग तुम्ही केला असेल. आवर्तनकाल लांबीवर अवलंबून आहे की गोळ्याच्या वस्तुमानावर, हे ठरविताना आपण एका वेळी एकच राशी बदलतो. येथेही तोच मार्ग अवलंबिला गेला.

पहिली पायरी : विषाणू वगळला. त्याऐवजी उंदरिणीला पॉली आय-सी नावाचे कृत्रिम आरएनए टोचले. ते कोणताही रोग पसरवीत नाही. मात्र शरीराला ते विषाणूसारखे भासते आणि प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते. याही वेळी पिल्लांच्या वागण्यात तसेच फरक दिसले. म्हणजे विषाणूची गरजच नव्हती!

दुसरी पायरी : प्रतिकारयंत्रणेतील नेमका घटक शोधणे. तिच्या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. २००७ साली पॅटर्सन यांच्या गटाने इंटरल्यूकिन-६ हे एकच सायटोकाइन गाभण उंदरिणीला टोचले. एकाच मात्रेने पिल्लांत फरक पडला. मग उलट परीक्षा घेतली. पॉली आय-सी दिले, पण सोबत इंटरल्यूकिन-६ निकामी करणारे प्रतिपिंडही दिले. बरेचसे दोष टळले. कारण घातले की परिणाम दिसतो आणि काढले की नाहीसा होतो; असे दोन्ही बाजूंनी पडताळल्यावरच कारणाविषयी खात्री वाढते.

२०१६ मध्ये ग्लोरिया चोई व जुन हू यांच्या गटांनी साखळीतील पुढचा दुवा दाखविला : इंटरल्यूकिन-१७ए. हा निरोप जोरात गेला, की पिल्लाच्या मेंदूच्या बाह्यकातील पेशींचे थर काही ठिकाणी विस्कटतात. आईमधील हा निरोप अडविला, तर थर नीट रचले जातात. २०१७ मध्ये तर असे दिसले, की ज्या उंदरिणींच्या आतड्यांत एका विशिष्ट जातीचे जिवाणू होते, त्यांच्याच पिल्लांवर हा परिणाम झाला. म्हणजे एकच आघात सर्वांना सारखा बाधत नाही.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. नोंदींवरून अनुमान काढावे लागते. स्वीडनमध्ये १९८७ ते २०१० या काळात जन्मलेल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी संसर्गामुळे रुग्णालयीन उपचार घ्यावे लागलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, थोडी अधिक आढळली. येथेच थांबलो, तर संसर्ग हेच कारण असे आपण म्हणू. पण संशोधकांनी दोन प्रश्न आणखी विचारले. गरोदर राहण्यापूर्वीच्या वर्षी आईला संसर्ग झाला असेल तर? तेव्हाही स्वमग्नतेशी तसाच संबंध दिसला. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली तर? स्वमग्नतेच्या बाबतीत फरक जवळजवळ उरला नाही. तेव्हा कारणाचा बराच भाग त्या कुटुंबांच्या आनुवंशिकतेत किंवा परिस्थितीत असावा. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत मात्र संसर्गाचा वाटा असण्याची शक्यता निकालात निघाली नाही.

मित्रांनो, ही सावधगिरी केवळ शास्त्रज्ञांपुरती नाही. आपल्याकडे मुलात काही उणे दिसले, की बोट प्रथम आईकडे जाते. तिने ग्रहणात भाजी चिरली असेल, असे एकेकाळी सर्रास म्हणत. काही घरांतून आजही म्हणतात. आता ग्रहणाच्या जागी ‘तुला ताप आला होता ना?’ हा प्रश्न येऊ नये. गरोदरपणी ताप आलेल्या बहुसंख्य मातांची मुले धडधाकट असतात.

मात्र जे हाती आहे ते जरूर करावे. रुबेलाची लस मुलींना गरोदरपणापूर्वीच मिळालेली असावी. ती गरोदरपणात देत नाहीत. भारतात २०१७ पासून गोवर-रुबेला लस टप्प्याटप्प्याने सर्व बालकांसाठी सुरू झाली. फ्लूची लस गरोदरपणातही घेता येते. आणि गरोदर स्त्रीला ताप आला, तर तिला तो अंगावर काढू न देता डॉक्टरांकडे न्यावे. ती जबाबदारी तिच्या एकटीची नाही. घरातल्या सर्वांची आहे.