ई-रीडर घेण्यापूर्वी

रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, ज्यांनी 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, त्या माधवराव सप्रे यांच्या काळचे पुष्कळसे वाङ्मय आज स्वामित्वहक्कातून मुक्त होऊन छायाप्रतींच्या रूपाने विनामूल्य उपलब्ध आहे; आणि ज्या वाचकाचा ओढा अशा ग्रंथांकडे आहे, त्याने ई-रीडर घेताना किमतीआधी पडद्याच्या आकाराचा विचार करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कारण छायाप्रत म्हणजे पानाचे चित्र. सहा इंची पडद्यावर ते आक्रसते, मोठे करावे तर ओळीचा शेवट बाहेर जातो, आणि ‘ष्ट्र’सारख्या जोडाक्षराचा केवळ काळा ठिपका उरतो. सबब, खर्च अधिक आला तरी दहा इंची यंत्रच घ्यावे. ज्याची भिस्त ईपब कादंबऱ्यांवर आहे, त्याला मात्र सहा-सात इंच पुरेत, कारण तेथे अक्षर वाढविताच ओळी नव्याने जुळतात. तरी ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी उमटते की नाही, याची खातरजमा दुकानातच करावी.

ई-रीडरच्या पडद्यावर ई-शाई असते; तिच्या सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे कण विद्युत्प्रभाराने सरकतात आणि तेथेच स्थिरावतात, म्हणून वीज मुख्यतः पान उलटतानाच खर्च होते. शिवाय हा पडदा बाहेरचाच प्रकाश परावर्तित करीत असल्याने रायपूरच्या वैशाखातील प्रखर उजेडात, जेथे मोबाईलवरचे काही दिसेनासे होते, तेथेही अक्षर ठळक राहते. रंगीत चित्रांची बालमासिके वाचणाऱ्या घरात मात्र टॅबलेटच उपयोगी.