शिवेबाहेरचें पाणी

पाणीपट्टीचें बिल हातीं पडलें म्हणजेच पाण्याच्या दराची चर्चा घरांत होते, हें आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्यांस नगरपरिषदेचें पाणी हवें, पण नगरपरिषदेंत ज्यांचें मत नाहीं, त्यांच्याकडून किती पैसा घ्यावा, हा प्रश्न हिशेबाइतकाच नीतीचाहि आहे.

बुलढाण्याचेंच उदाहरण घेऊं. या शहरास पाणी मिळतें तें पैनगंगेवरील येळगांवच्या धरणाचें. शहराच्या शिवेला लागूनच सुंदरखेड, सागवान यांसारखीं ग्रामपंचायतींचीं गांवें आहेत. अशा शेजारच्या वस्तीस शहराचा नळ द्यावयाचा, तर दर कोणता असावा?

शहरवासी म्हणेल, “टाक्या आणि नळ यांचा भार आम्हीं इतकीं वर्षें करांतून सोसला, बाहेरच्यांस तोच दर कां?” या म्हणण्यांत तथ्य आहे. लांबवर नेलेला नळ, पंपाची जादा वीज, वाटेंतील गळती, हा खर्चहि ज्याच्यासाठीं होतो त्यानेंच दिला पाहिजे. मात्र योजनेचा जेवढा भाग सरकारी अनुदानांतून उभा राहिला, तेवढ्यास खेड्यांतल्या करदात्याचाहि हातभार लागला आहे. त्याची किंमत त्याच्याकडून पुन्हां घेणें न्याय्य नव्हे.

येथें एक धोका आहे. शहरांतील दर वाढविला तर नगरसेवकास मतदारांपुढें जाब द्यावा लागतो. बाहेरचा दर दुप्पट केला तरी त्यास निवडणुकींत विचारणारा कोणी नाहीं. म्हणूनच हा दर मर्जीनें न ठरतां हिशेबानें ठरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांनीं लक्षांत घ्यावी. 2019 सालीं सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेनें ग्रामीण भागास दरडोई दररोज 55 लिटर पाणी हें प्रमाण ठरविलें. त्या मानानें दहा माणसांच्या घरास महिन्याला 16,500 लिटर लागतात. नळामागें टप्पे पाडून चढता दर लावल्यास, थेंबहि वायां न घालवतां असें घर महाग टप्प्यांत जातें. तेव्हां टप्पे ठरवितांना माणसें मोजावीं.

पाण्यास शिवा अडवीत नाहींत. जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील खारपाण पट्ट्यांत गोडें पाणी दुर्मिळ; तेथील 140 गांवांच्या योजनेचें पाणी अकोला जिल्ह्यांतील वान धरणांतून येतें.

आमच्या मतें, शिवेवर मीटर बसवावें, ग्रामपंचायतीशीं लेखी करार करावा, खर्चाचा ताळेबंद दरसाल प्रसिद्ध करावा आणि टंचाईंत कपात दोहींकडे सारख्या प्रमाणांत करावी. शेजाऱ्याकडून खर्च अवश्य घ्यावा. त्याच्या तहानेवर नफा मात्र घेऊं नये.