भिंतीवरच्या चित्राचं वीजबिल

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू लागलं की पावसाळ्यात खरे धबधबे तासाभरात भेटतात. तरी सलूनमध्ये, चहाच्या हॉटेलात एक धबधबा बाराही महिने भिंतीवर कोसळत असायचा. चौकटीच्या आत दिवा, पुढे सरकणारी पट्टी आणि पाणी वाहिल्याचा भास. खुर्चीत मान टेकवलेलं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, ‘किती लाईन खाते गा हे?’

आता दिवाणखान्यात चित्र दाखवणारे पडदे येऊ लागले आहेत. प्रश्न मात्र तोच आहे.

उत्तराची सुरुवात देवघरातून करू. देवाच्या तसबिरीवर जळणारा जुना ‘झिरो’चा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात तो साधारण १५ वॅट घेतो. रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला जवळपास ११ युनिट. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला, तर महिन्याचं अर्धं युनिटही होत नाही.

हा आकडा लक्षात ठेवून पडद्यांकडे वळू. सॅमसंगने ‘द फ्रेम’ हा टीव्ही २०१७ मध्ये आणला. बघणं संपलं की तो काळा न पडता चित्र दाखवतो. खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्वतःचा उजेड कमी-जास्त करतो आणि खोलीत हालचाल नसेल तर चित्र बंदही करू शकतो. ५५ इंची पडदा चित्र दाखवताना ५० वॅट घेतो असं धरू. रोज १० तास, म्हणजे महिन्याला १५ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये मोजले, तर महिन्याचे १५० आणि वर्षाचे १,८०० रुपये. देवघरातल्या त्या बल्बपेक्षा थोडंच जास्त! पण साध्या टीव्हीवर पूर्ण उजेडात तेच चित्र लावलं आणि त्याने १०० वॅट घेतले, तर खर्च थेट दुप्पट. टेबलावरची १० इंची फोटोफ्रेम ८ वॅटची असेल, तर तिचं काम अडीच युनिटांत भागतं.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात कूलरमुळे आपण आधीच वरच्या पायरीवर असलो, तर चित्राचे हे १५ युनिट त्याच चढ्या दराने मोजले जातात. म्हणून हिशेब करताना बिलाची सरासरी धरू नये. आपल्या शेवटच्या युनिटाचा दर धरावा.

खर्चाचं मूळ उजेडात आहे. एलसीडीच्या मागे सतत दिवे जळतात. चित्र काळोख्या रात्रीचं असलं तरी ते पूर्ण विझत नाहीत. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे गडद चित्राला वीज कमी लागते. पण एकच चित्र महिनोन्‌महिने ठेवलं, तर त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती असते.

तिसरा प्रकार ई-पेपरचा, किंडलच्या पडद्याच्या कुळातला. यात विद्युतभारित रंगकण वर-खाली सरकतात आणि एकदा बसले की तिथेच राहतात. वीज लागते ती चित्र बदलताना. टिकवायला लागत नाही. काही नव्या रंगीत पडद्यांत काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा, हिरवा एवढेच सहा रंग असतात. बाकीच्या छटा ठिपक्यांच्या मिश्रणातून भासतात. हातातली हीच पुरवणी भिंगाखाली धरा, तीच युक्ती दिसेल. मात्र चित्र बदलायला बरेच सेकंद लागतात, व्हिडिओ दिसत नाही आणि मोठ्या आकाराची किंमत अजून भारी आहे.

दिसण्याचं काय? एलसीडीचे रंग झळाळतात, पण संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली पडद्यावरचा पांढरा रंग निळसर वाटतो आणि ‘हा टीव्ही आहे’ हे गुपित फुटतं. उजेड कमी करून रंग थोडे उबदार ठेवले, पडदा चमक नसलेला घेतला आणि तो खिडकीसमोर लावला नाही, तर चित्र भिंतीत मुरतं. म्हणजे सुंदर दिसणं आणि वीज वाचणं इथे एकाच दिशेला जातं. ई-पेपर खोलीतलाच उजेड उसना घेतो, म्हणून छापील कागदासारखा दिसतो. रंग जरा दबके, पण डोळ्यांना शांत.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट बघावी लागते. अनेक टीव्हींच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंशांपर्यंत लिहिलेली असते. मे महिन्यात इकडचा पारा ती सहज ओलांडतो. शिवाय ५० वॅटचं चित्र म्हणजे खोलीत ५० वॅटची उष्णता; तीही कूलरनेच काढायची. पश्चिमेची तापलेली भिंत पडद्यासाठी टाळावी आणि घराबाहेर पडताना दुपारी तो सरळ बंद करावा.

मग घ्यावं काय? टीव्ही हवाच असेल, तर चित्राची सोय असलेला घ्यावा. वेगळा पडदा टांगू नये. फक्त चित्रच हवं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर ई-पेपर. घरच्यांचे फोटो बघायचे असतील, तर छोटी फ्रेम पुरे.

आणि निवड होत नसेल, तर लाईन जाण्याची वाट बघा. भर दुपारी लाईन गेली की सलूनमधला धबधबा थांबायचा, तसा टीव्हीही काळी पाटी होतो. ई-पेपरवरचं चित्र जागेवर असतं. शेजारी खिळ्याला टांगलेलं कॅलेंडरही.