पस्तीस दात आणि एक रिकामी जागा

‘जुन्या गाड्या जपणाऱ्यांवर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चकचकीत बॉनेट आणि रविवारची मिरवणूक असणार. मी जाऊन बसलो सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या मिलिंगच्या एका शेडमध्ये. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या १९७६ च्या प्रीमियर पद्मिनीचं काम तिथं दिलं होतं. गाडी साताऱ्यातच होती. शेडमध्ये आली होती फक्त तिची क्रँक पुली, आणि तिच्याशेजारी पोलादी पत्र्यातून कापलेली, दीडशे मिलिमीटर व्यासाची एक कोरी चकती. पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर काढून तिला कॉइल पॅकवर चालवायचं, असा सरांचा बेत होता.

गॅरेजमध्ये ज्याला डेल्को म्हणतात तो हा डिस्ट्रिब्युटर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९०९ साली काढलेल्या डेल्को कंपनीची बॅटरी-कॉइलची पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना लागली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या बहुतांशी त्याच तत्त्वावर धावल्या. पॉइंट, म्हणजे उघडमीट होणारे संपर्क, मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहत असतो. कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब उभा राहतो. तो येतो कॅपच्या मधोमध. तिथून रोटर पंगतीतल्या वाढप्यासारखा एकेका प्लगला त्याच्या पाळीनं वाढत जातो: एक, तीन, चार, दोन. शिवाय इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी आधी पडावी म्हणून आत दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात, आणि इंजिनावर भार कमी असताना आणखी थोडी आधी पडावी म्हणून बाहेर व्हॅक्यूमचा डबा. मोजणं, ठरवणं आणि वाटणं ही तिन्ही कामं एकच दांडा करतो, तेही एकाही ट्रान्झिस्टरशिवाय. असं यंत्र उघडून पाहिलं की त्याच्या कर्त्यांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

पण ते झिजतं. पॉइंट जळतात. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली की पॉइंटमधलं अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं अंतर आणखी कमी होतं आणि टायमिंग मागं सरकतं. दांड्याचं बुश सैल झालं की प्रत्येक ठिणगी आपापल्या मर्जीनं पडू लागते. हा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे त्याची एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. पावसाळ्यात वाईहून पसरणीचा घाट चढताना धुक्याची ओल कॅपमध्ये शिरली की गाडी मिसिंग करायला लागते, आणि मग भर रस्त्यात बॉनेट उघडून कॅप पुसत बसावं लागतं. हे सगळं साताऱ्याला नवं नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ याच शहरात बनली आणि तिच्याही फ्लायव्हीलखाली पॉइंटच होते. पॉलिश पेपरनं पॉइंट घासून फिलर गेजनं गॅप लावणारी मेकॅनिकांची एक पिढी त्या स्कूटरवर शिकली. आज पॉइंट लावून देणारा माणूस शोधावा लागतो आणि बाजारात मिळणारे पॉइंट-कंडेन्सर पूर्वीच्या दर्जाचे नसतात, ही सरांची मुख्य तक्रार.

कॉइल पॅकमध्ये कॅप नाही, रोटर नाही, पॉइंट नाहीत. दोन कॉइल असतात. एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. जोडीतले दोन्ही प्लग एकदमच पेटतात. त्यातल्या एका सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण असतं, दुसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. दुसरी ठिणगी वाया जाते, पण तिला दाब फारसा लागत नाही, म्हणून हा खर्च परवडतो. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगाला जुन्या एकुलत्या एका कॉइलला दर साडेसात मिलिसेकंदांनी ठिणगी द्यावी लागते, आणि पॉइंट मिटलेले असतात त्यातले सुमारे पाचच मिलिसेकंद. तेवढ्यात जुनी कॉइल पुरती भरत नाही. कॉइल पॅकमधल्या प्रत्येक कॉइलला त्याच वेगाला पंधरा मिलिसेकंद मिळतात, आणि तिला भरायला तीन-चार पुरतात. त्यामुळे वेग वाढला तरी ठिणगी अशक्त होत नाही.

पद्मिनीचं हे काम सांगलीत व्हावं यात मला एक औचित्य दिसलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात फियाट ११०० तयार झाली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावानं निघू लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तेच. सांगलीच्या विश्रामबागेतलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झालं आणि १९५५ पासून त्याला वालचंदांचं नाव आहे. धनजीशा कूपर यांनी १९२२ साली साताऱ्यात लोखंडी नांगरांपासून सुरू केलेला कारखाना पुढे डिझेल इंजिनांकडे वळला. त्याच्या आधी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शंभर वर्षांत या दोन जिल्ह्यांत ओतकाम, लेथ आणि मिलिंगची जी विद्या मुरली, तिच्याच एका छोट्या शाखेत मी बसलो होतो.

इथले मिस्त्री एरवी पंपाचे शाफ्ट आणि हळद पॉलिश करायच्या ड्रमचे गिअर करतात. गाड्यांशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यापुढं काम होतं ते चकतीवर छत्तीस दात पाडायचं आणि त्यातला एक उडवायचं. क्रँकबरोबर ही चकती फिरते, तिच्यासमोर जेमतेम एक मिलिमीटरवर सेन्सर बसतो आणि एकेक दात मोजतो. प्रत्येक दात म्हणजे दहा अंश. रिकामी जागा आली की ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या कंट्रोलरला कळतं, क्रँक नेमका कुठं आहे. फोर्डनं रूढ केलेल्या पद्धतीत चार सिलिंडरच्या इंजिनावर ही रिकामी जागा पहिला पिस्टन वर पोचण्याच्या ९० अंश आधी सेन्सरसमोर येते. म्हणजे डेल्कोतला कॅम जे सांगत होता, ते आता ही चकती सांगणार.

मिस्त्रींनी चकती डिव्हायडिंग हेडवर बांधली. या हेडचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. छत्तीस दात हवेत म्हणजे प्रत्येक दाताला एक पूर्ण फेरा आणि वर एक नवमांश फेरा. तो नवमांश हातानं अंदाजे घेता येत नाही, म्हणून अठरा भोकांच्या वर्तुळाची प्लेट लावायची: एक फेरा, वर दोन भोकं, पिन खटकन आत, मग कटर. पुन्हा एक फेरा, दोन भोकं. मागं न्यायचं नाही. मागं नेलं की हेडमधल्या वर्म गिअरची ढिलाई दातात उतरते. चुकून पुढं गेलंच, तर चांगलं अर्धा फेरा मागं जाऊन पुन्हा त्याच दिशेनं यायचं. प्रत्येक दात साधारण दोन सूत रुंद, खाचही तेवढीच. काम चालू असताना ते बोलत नव्हते. शेवटची खाच पहिल्या दाताशी बरोबर जुळली तेव्हा म्हणाले, “कॉइल काय, ती कुठंबी मिळती. ह्ये जुळलं न्हाई तर कॉइल काय करणार?”

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, आणि ते त्यांनी माझ्याआधी सांगितलं. कंट्रोलर पार्सलनं येतो. स्पीडुइनोसारखे खुले आराखडे आर्डुइनोच्या बोर्डावर चालतात आणि इंजिनिअरिंगचा हुशार विद्यार्थी तो जोडू शकतो. कॉइल पॅक भंगारातल्या एमपीएफआय गाडीचा चालतो. पण चकती पुलीशी एककेंद्री बसवणं पार्सलनं येत नाही. दीडशे मिलिमीटरच्या चकतीच्या कडेला एक अंश म्हणजे फक्त सव्वा मिलिमीटर. पुलीला डायल लावून पाहिली तर तीच थोडी फेकत होती. पन्नास वर्षांत कुणीतरी ती हातोड्यानं काढलेली असणार. लेथवर तिचा पुढचा चेहरा सारखा करून घ्यावा लागला, आणि तोही इतका थोडाच की फॅनबेल्टची रेषा हलू नये.

सरांना हे आत्ताच का करायचं आहे, याचं कारण निम्मं ऊसपट्ट्यात आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोचलं. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतलं इथेनॉलही त्यात असतं, आणि ऊस उत्पादकाच्या दृष्टीनं ती चांगलीच गोष्ट आहे. पण एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला नऊच किलो. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा कंट्रोलर धुरातला ऑक्सिजन पाहून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं ठरावीक भोक. ते जुन्याच मापानं इंधन देतं आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. पातळ मिश्रण पेटवायला ठिणगी जोरकस लागते. कॉइल पॅक इथं मदत करतो, पण मिश्रण घट्ट करत नाही. जेट बदलल्याशिवाय आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या काढून इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्याशिवाय नुसती ठिणगी वाढवणं म्हणजे अर्धं काम, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आणि इथून पुढं अडचणी सुरू होतात. डेल्को नुसता उपटून चालत नाही. अनेक जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टवरच्या ज्या गिअरवर डेल्को फिरतो, त्याचाच ऑइल पंपाशी संबंध असतो. तो दांडा नीट न तपासता काढला, तर इंजिन सुरू तर होईल, पण तेलाविना थोड्याच वेळात बेअरिंगा जातील. म्हणून आधी खोलून पाहायचं, दांडा जागेवर ठेवायचा आणि वरचं तोंड तेल उडणार नाही असं बंद करायचं.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म. ठिणगी कोणत्या वेगाला किती अंश आधी पडावी, हे ज्ञान डेल्कोतल्या वजनांत आणि स्प्रिंगांत आहे. कंट्रोलरला ते आकड्यांच्या तक्त्यात द्यावं लागतं. डेल्को काढण्याआधी टायमिंग लाइट लावून दर पाचशे फेऱ्यांना अंश टिपून घ्यायला हवेत. पण या स्प्रिंगा पन्नास वर्षं ताणलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं तर त्यांचं म्हातारपणही तक्त्यात उतरेल. मॅन्युअलमधले आकडे घ्यावेत, तर ते त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीचे. आजचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असतं आणि इथेनॉलमुळे तो आकडा आणखी वर जातो. म्हणजे ठिणगी थोडी आधी चालेल. पण मिश्रण पातळ राहिलं तर घाटात इंजिन टकटक वाजेल आणि पिस्टन तापेल. सरांनी ठरवलं आहे की मॅन्युअलच्या आकड्यांपासून सुरुवात करायची आणि मोकळ्या चढावर कान देऊन दोन-दोन अंशांनी बदल करायचा. मला हा सावधपणा पटला.

तिसरी अडचण विजेची. पॉइंटला लहानसहान गडबडीचं काही वाटत नाही. सेन्सरची तार मात्र मिलिव्होल्टांनी बिथरते. प्लगच्या वायरींशेजारून नेली की नसलेले दात मोजू लागते. म्हणून रेझिस्टरचे प्लग, कार्बन गाभ्याच्या वायरी, जाळी असलेली सेन्सरची केबल हे सगळं हवं. बॉडीचा अर्थ गंजलेला असतो, म्हणून इंजिन, बॅटरी आणि कंट्रोलर यांना स्वतंत्र जाड अर्थ द्यायचा. थंड सकाळी स्टार्टर मारला की जुन्या गाडीची बॅटरी आठ-नऊ व्होल्टांवर उतरते, आणि नेमक्या त्याच क्षणी चकती हळू फिरत असल्यामुळे चुंबकीय सेन्सरचा संदेशही क्षीण असतो. सुरू झाल्यावर उत्तम चालणारी गाडी सुरूच होत नाही, ती यामुळे.

मला काळजी वाटते ती यानंतरची. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगलीला येताना डेल्को बिघडला, तर कुठल्याही नाक्यावरचा म्हातारा मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरवर गाडी घरापर्यंत पोचवून देईल. सेन्सर गेला तर त्याच्या हातात काही नाही. मधला मार्ग आहे: कॅप आणि रोटर तसेच ठेवून फक्त पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर घालायचा. पॉइंट जळण्याची कटकट संपते, खर्च कमी, आणि जुने पॉइंट डिकीत ठेवले की रस्त्यावर परत लावता येतात. सैल बुशचं दुखणं मात्र तसंच राहतं. रोज न चालणाऱ्या बहुतेक पद्मिनींना मी हाच मार्ग सुचवीन. सरांच्या डेल्कोचं बुश पार गेलेलं आहे आणि त्यांना गाडी लांब न्यायची आहे, म्हणून त्यांचा निर्णय वेगळा.

त्यांनी मिस्त्रींना आणि गॅरेजवाल्यांना एकच अट घातली आहे: ब्लॉकला एकही नवं भोक पाडायचं नाही. २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठा बदल न केलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, आणि १९७६ ची गाडी त्या वयाला येते आहे. म्हणून चकती पुलीला आधीच्याच बोल्टांवर बसेल, सेन्सरचा ब्रॅकेट टायमिंग कव्हरच्या बोल्टांचा आधार घेईल, आणि डेल्को तेल लावून, त्याच्या जागेची खूण करून, कॅप-वायरींसकट सरांच्या कपाटात जाईल. पुलीचा पुढचा चेहरा तेवढा परत जुना होणार नाही. मिस्त्रींनी त्यासाठी आणखी एक जुनी पुली भंगारातून शोधून आणायला सांगितली आहे.