हुर्यो उडवणारे आणि सोसणारा

फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो. ऑस्ट्रेलियात मात्र त्याच नावाचा एक निराळा खेळ आहे. त्याचे नियम मेलबर्न शहरात १८५९ साली लिहिले गेले. चेंडू लंबगोल, मैदान अंडाकृती आणि एकेका बाजूला १८ गडी. चेंडू लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा; हाताने फेकायला बंदी. मधल्या दोन उंच खांबांतून तो लाथेने पार केला, तर ६ गुण. बाजूच्या आखूड खांबाच्या आत गेला, तर १.

या खेळावर पोट भरणारे खेळाडू तिथे शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या एकाची, अ‍ॅडम गुड्स याची, हकीकत आज सांगायची आहे.

गुड्सचा जन्म १९८० सालचा, दक्षिण ऑस्ट्रेलियातला. आई तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. सरकारने ज्या हजारो मुलांना आईबापांपासून तोडून नेलं, त्यांतलीच ती एक. तिनं मुलांना वाढवलं.

या धंद्यात नवख्या पोराला आपला संघ निवडता येत नाही. संघच पोरांची निवड करतात. आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या संघाला पहिली पाळी. १९९७ च्या निवडीत गुड्सचा क्रमांक लागला ४३ वा. सिडनीच्या संघानं त्याला घेतलं. सतराव्या वर्षी घर सोडून तो परक्या शहरात गेला. पहिलं वर्ष दुय्यम संघात काढलं. १९९९ मध्ये मुख्य संघात आला आणि त्याच साली उगवत्या खेळाडूचं बक्षीस मिळवलं.

तिथे ब्राउनलो पदकाचा मोठा मान आहे. प्रत्येक सामन्यानंतर पंच तिघा उत्तम खेळाडूंना ३, २ आणि १ अशी मतं देतात. गैरवर्तनामुळे ज्याच्यावर सामनाबंदी आली, त्याला पदक नाही. गुड्सला ते दोनदा मिळालं: २००३ साली इतर दोघांबरोबर, २००६ साली एकट्याला. २००५ आणि २०१२ मध्ये त्याच्या संघानं अजिंक्यपद जिंकलं. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघा दुखावलेला असताना तो खेळत राहिला.

मग आलं २०१३ साल. मेलबर्नच्या मैदानावर, मूळ रहिवाशांच्या सन्मानासाठी ठेवलेल्या फेरीतच, कठड्यापलीकडून कुणीतरी त्याला 'माकड' या अर्थाची शिवी दिली. त्यानं बोट दाखवलं. पाहतो तर तेरा वर्षांची मुलगी! दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, की दोष तिच्यावर टाकू नका, तिला आधाराची गरज आहे. तिनं त्याची क्षमा मागितली.

२०१४ साली त्याला 'वर्षातील ऑस्ट्रेलियन' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पण वर्णद्वेषाविषयी तो उघड बोलतो, हे अनेकांना खुपलं. त्याच्या पायाशी चेंडू आला की हजारो लोक हुर्यो उडवू लागले. मे २०१५ मध्ये गोल केल्यावर त्यानं आपल्या लोकांचं युद्धनृत्य केलं, तेव्हा तर आरडाओरड आणखी वाढली. कुणी म्हणे, हा केवळ खेळातला राग. पण आठवड्यामागून आठवडे, गावोगावच्या मैदानांवर तेच चाललं. ऑगस्टमध्ये तो काही दिवस खेळापासून दूर राहिला. सप्टेंबरमध्ये ३७२ सामने आणि ४६४ गोलांनंतर तो निवृत्त झाला. निरोपाची फेरी त्यानं घेतली नाही.

२०१९ साली या खेळाच्या संस्थेनं आणि १८ ही संघांनी त्याची माफी मागितली: आम्ही वेळीच पाठीशी उभे राहिलो नाही. पुढे मानाच्या यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव त्यानं नाकारला. मूळ रहिवाशांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देणारी जी संस्था त्यानं एका सोबत्याबरोबर २००९ मध्ये काढली होती, तिचं काम मात्र चालू राहिलं.

शिक्षक मित्रहो, वर्गातही एखादं पोर दुसऱ्याला रंगावरून, जातीवरून चिडवतं आणि बाकीचे हसतात. त्या पोराला छडी मारून प्रश्न सुटत नाही, आणि ऐकलं न ऐकलं करूनही सुटत नाही. गुड्सनं बोट दाखवलं आणि त्याच मुलीची बाजूही सांभाळली. दोन्ही करावं लागतं. आणि ते त्याच दिवशी करावं लागतं; चार वर्षांनी मागितलेल्या माफीनं त्याला मैदानावरचा शेवटचा हंगाम परत मिळाला नाही.